लाल कॅलिपर आणि उकळणारं ब्रेक ऑइल

ॲक्सेसरीच्या दुकानात लाल प्लास्टिकची कॅलिपर कव्हरं मिळतात. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग. चाकाच्या आऱ्यांतून लाल दिसलं की बघणाऱ्याला वाटतं, काय जबरी ब्रेक आहेत! बाहेरून आणलेल्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांच्या चाहत्यांत हाच समज जरा महाग होऊन येतो: मोठी डिस्क बसवली की गाडी कमी अंतरात थांबते. तसं होत नाही. गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. मूळच्याच ब्रेकवर जोरात पाय दिल्यावर पेडल थरथरून एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) जागं होत असेल, तर ब्रेकचा जोर टायरच्या पकडीला आधीच पुरून उरतो आहे.

मग निस्सानने स्कायलाइन जीटी-आर आर३२ या स्पोर्ट्स गाडीच्या पुढच्या २९६ मिलिमीटरच्या डिस्क बदलून तिच्या १९९३ च्या व्ही-स्पेक आवृत्तीला ३२४ मिलिमीटरच्या, ब्रेम्बो कंपनीच्या कॅलिपरसकट का दिल्या? उष्णतेसाठी.

शाळेतलं ½mv² आठवा. माणसासकट १,५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबली, तर सुमारे ५.८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्यात पावणेदोन लिटर पाणी उकळीला येतं. त्यातला सत्तर टक्के वाटा पुढच्या दोन चाकांकडे जातो, म्हणजे एका डिस्कला दोन लाख ज्यूल. बिडाची डिस्क ८ किलोची धरली तर एका ब्रेकमागे ती ५०-५५ अंशांनी तापते. लागोपाठ दहा वेळा तसंच थांबलात तर हिशेब ५०० अंशांच्या आसपास जातो. डिस्क जड असेल तर तीच उष्णता जास्त लोखंडात वाटली जाते. मोठ्या डिस्कचा खरा फायदा एवढाच, आणि तो दहाव्या ब्रेकला कळतो, पहिल्या नव्हे.

‘सोलापूरच्या उन्हात ब्रेक लवकर जातात’ असंही ऐकू येतं. जानेवारीतली १५ अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ४३ अंशांची दुपार, फरक २८ अंशांचा. म्हणजे अर्ध्या ब्रेकची उष्णता. दोष उन्हाचा नाही, बाटलीतल्या द्रवाचा.

गॅरेजमध्ये आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हेच. ते ग्लायकॉल जातीचं रसायन आहे. त्यात चुकून खरं तेल पडलं तर पेडलच्या जोराने द्रव ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरची रबरं फुगून निकामी होतात. शिवाय ते हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ४ (ब्रेकच्या द्रवाची एक प्रमाणित प्रत) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते.

आता यातली गंमत. पेडल दाबलेलं असताना द्रव सहसा उकळत नाही! त्या वेळी नळीत हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाब असतो, आणि पन्नास पट दाबाखाली साधं पाणीसुद्धा २६० अंशांच्या पुढे उकळतं. कुकरमधली डाळ आठवा. आत ती १०० अंशांच्या वर असूनही निवांत असते. शिट्टी उचलून वाफ एकदम सोडली की भसाभस वर येते. ब्रेकचंही तेच. घाट उतरताना वळणाआधी ब्रेक दाबला, पाय काढला, दाब गेला. त्याच क्षणी डिस्कला घासणारा पॅड आणि त्याला ढकलणारा पिस्टन यांतून झिरपलेली उष्णता कॅलिपरमधल्या द्रवाला गाठते आणि बुडबुडे धरतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पुढच्या वळणाला पाय ठेवला की पेडल थेट जमिनीला. एक सेकंदापूर्वी ठणठणीत असलेला ब्रेक! तुळजापूरहून सोलापूरकडे घाट उतरताना उंची दर १०० मीटरने कमी झाली की सुमारे १४.७ लाख ज्यूल सुटतात, म्हणजे शंभरवरून अडीच वेळा थांबण्याएवढे. गिअर खालचा ठेवा, काम इंजिनाला करू द्या. बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीला उत्कलनबिंदू वाढवता येत नाही. प्लास्टिकचं लाल कव्हर तर कॅलिपरला लागणारी हवाच अडवतं.

म्हणून पहिला खर्च द्रवावर करावा. सीलबंद डॉट ४ किंवा ५.१ घ्या. नुसतं ‘५’ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. एक लिटर पुरतं. मॅन्युअलमधल्या क्रमाने एकेका चाकाची एअर काढा, म्हणजे ब्रेकमधला जुना द्रव आणि हवा बाहेर सोडा. कॅलिपरवरचं निपल (ते बाहेर सोडायचा स्क्रू) बंद केल्याशिवाय पेडल सोडलं तर हवा परत आत ओढली जाते. टाकीची पातळी खाली जाऊ देऊ नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा. दर दोन वर्षांनी हेच पुन्हा.

त्यानंतर पॅड, आणि हवी तर स्टीलच्या जाळीची नळी. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून नळी पीळ खात नाही ना ते बघा. रेसिंगचे पॅड शहरात घालू नयेत, ते थंड असताना नीट धरत नाहीत.

डिस्क-कॅलिपर शेवटी, आणि इथे लोक फसतात. समजा कॅलिपरच्या एका बाजूचे ४० मिलिमीटरचे दोन पिस्टन बदलून ४४ चे घातले. क्षेत्रफळ २१ टक्के वाढलं. डिस्क २९६ वरून ३२४ केली, तर पॅडच्या मध्याची त्रिज्या सुमारे ११ टक्के वाढते. गुणाकार केला की पुढचा ब्रेक ३४ टक्के जोरकस, मागचा होता तेवढाच. पुढचे टायर लवकर घसरायला येतात, मागच्यांची पकड वापरलीच जात नाही, आणि थांबण्याचं अंतर उलट वाढू शकतं. पेडलही जास्त खोल जातं, कारण मास्टर सिलिंडर जुनाच आहे. त्यामुळे पुढचं-मागचं जुळवून बनवलेला संचच घ्यावा. आर३२च्या मूळ १६ इंची चाकांत ३२४ ची डिस्क मावत नाही, १७ इंची चाकं लागतात, हा खर्चही आधीच धरावा.

नवे पॅड पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा दाबून ‘बसवायचे’, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी फिरवायची. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलं तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे पेडल धडधडतं. मिस्त्री म्हणतो, डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते.