नवी डिस्क, पत्ता जुनाच

परवा एका मित्राने विचारलं, "लिनक्स नव्या एसएसडीवर न्यायचंय. सगळं सिलेक्ट करून कॉपी-पेस्ट केलं की झालं ना?" नाही होत!

एक तर लिनक्समध्ये दिसणारी प्रत्येक फाईल डिस्कवर असतेच असं नाही. 'प्रॉक' आणि 'सिस' या फोल्डरांतल्या फायली आपण मागू तेव्हा कर्नल (लिनक्सचा गाभा) तयार करून दाखवतो. त्यातली 'केकोर' ही संगणकाची मेमरी दाखवणारी फाईल ६४ बिटच्या नेहमीच्या संगणकावर १२८ टेराबाइटची दिसते. डिस्क असते २५६ गिगाबाइटची. म्हणून पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) लिनक्सने संगणक सुरू करायचा आणि 'आरसिंक' (rsync) या आज्ञेने, -aHAX हे पर्याय देऊन, कॉपी करायची, म्हणजे फायलींचे मालक, परवानग्या, हार्ड लिंक (एकाच फाईलची अनेक नावं) सगळं शाबूत राहतं.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. सगळ्या फायली आल्या तरी नवी डिस्क सुरू होत नाही. का?

पूर्वी लिनक्सच्या सेटिंगमध्ये डिस्क 'एसडीए', 'एसडीबी' अशा नावांनीच लिहिलेली असायची. ही नावं म्हणजे आज रांगेत कोण आधी उभं राहिलं एवढंच. डिस्क सापडण्याचा क्रम बदलला की नावही बदलणार. त्यावर तोडगा म्हणजे यूयूआयडी, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक. पार्टिशन (डिस्कचा एक भाग) फॉरमॅट करताना १२८ बिटांचा एक आकडा तयार होतो. त्यातले १२२ बिट यादृच्छिक, म्हणजे शक्यता सुमारे ५ वर ३६ शून्यं इतक्या. हे आकडे वाटणारं कुठलंही कार्यालय नाही, तरी दोन डिस्कचा आकडा योगायोगाने एक निघेल ही भीती बाळगायचं कारण नाही. केवढी सुंदर कल्पना!

हा आकडा राहतो कुठे? एक्स्ट४ (ext4) या लिनक्सच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये पार्टिशनच्या सुरुवातीचे १०२४ बाइट सोडले की सुपरब्लॉक, म्हणजे पार्टिशनची स्वतःची माहिती, लागतो. त्यात १०४ बाइट पुढे. म्हणजे तो कुठल्याच फाईलच्या आत नाही. म्हणून फायली कॉपी केल्या तरी नव्या पार्टिशनचा आकडा वेगळाच राहतो, आणि कॉपी झालेल्या 'एफएसटॅब'मध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणारी फाईल) व ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) यादीत मात्र जुनाच आकडा लिहिलेला असतो. 'डीडी' (dd) या आज्ञेने बिट न् बिट उतरवलं तर उलटा घोळ: दोन पार्टिशनना एकच आकडा, आणि सुरू होताना त्यातलं कुठलं उचललं जाईल याची खात्री नाही. तेव्हा 'ट्यून२एफएस' (tune2fs) या आज्ञेने नकलेचा आकडा बदलावा लागतो.

आरसिंकच्या वाटेने गेलात तर 'बीएलकेआयडी' (blkid) या आज्ञेने नवा आकडा पाहून एफएसटॅबमध्ये लिहा, नव्या सिस्टीममध्ये 'सीएचरूट' (chroot) करून, म्हणजे तिच्या आत शिरून, इनिटरॅमएफएस (सुरू होताना लागणारी छोटी तात्पुरती सिस्टीम) पुन्हा बनवा आणि ग्रब पुन्हा बसवा. जुन्या बायॉसच्या संगणकात ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या ४४६ बाइटांत असतो, तोही फायलींच्या बाहेरच.

"फॉरमॅट मारा, सगळं बरं होईल" ही आपल्याकडची संगणकी अंधश्रद्धा आहे. इथे बिघडलेलं काहीच नसतं, दोन-तीन ओळी जुन्या असतात.

जुनी डिस्क जोडलेली असताना संगणक सुरू झाला म्हणून फसू नका. 'फाइंडमाउंट' (findmnt) ही आज्ञा चालवा, रूटसमोर (/ या मुख्य फोल्डरसमोर) कुठल्या डिस्कचं नाव येतं ते पाहा.