सबवेतलं व्हायोलिन: न्यूयॉर्कच्या वादकांची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, व्हायोलिनवर बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवणारा दिसला की ‘बिचाऱ्याचं कुठे जमलं नसेल’ असं वाटून जातं. बऱ्याचदा तो संगीतविद्यालयातून रीतसर शिकून आलेला असतो. हातात कसब भरपूर असतं, पगारी जागा नसते. आणि ही टंचाई जुनी आहे.

मूकपटांच्या काळात थिएटरात पडद्यापुढे वादकांचा ताफा बसत असे. १९२७ साली ‘द जॅझ सिंगर’ आला, बोलपट रुळले आणि काही वर्षांतच हजारो वादक घरी बसले. त्यात १९२९ची मंदी. १९३५ मध्ये अमेरिकी सरकारने बेकार वादकांना काम मिळावं म्हणून ‘फेडरल म्युझिक प्रोजेक्ट’ काढला. इकडे न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी मात्र १ जानेवारी १९३६पासून रस्त्यावर वाजवायलाच बंदी केली. हे मला फार खुपतं. ते स्वतः बँडमास्तरांचे चिरंजीव, आणि त्याच वर्षी त्यांनी शहरात संगीत व कलेचं खास हायस्कूलही सुरू केलं. मुलांना वाद्य शिकवायचं, पण ते घेऊन चौकात उभं राहू द्यायचं नाही! ही बंदी उठायला १९७० साल उजाडलं.

जमिनीखाली मनाई त्यानंतरही होती. १९८५ मध्ये एका गिटारवादकाच्या खटल्यात कोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी ‘म्युझिक अंडर न्यूयॉर्क’ सुरू झालं. त्यात ऑडिशन घेऊन वादकांना जागा आणि वेळ नेमून देतात. पगार नाही, समोर उघड्या ठेवलेल्या वाद्याच्या पेटीत पडेल ते आपलं.

फलाटावर अ‍ॅम्प्लिफायर चालत नाही. म्हणून बाखच्या, एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या रचना इथे उपयोगी पडतात. टाइल्सच्या भिंती स्वर घुमवतात, पण गाडी आली की सगळं बुडतं आणि वादक गज उचलून थांबतो. पेटी रिकामी दिसू नये म्हणून पहिल्या दोन-चार नोटा बहुधा त्याच्याच असतात.

पुढे पगारी जागाही डळमळल्या. २०१३ मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेराचं दिवाळं निघालं. कोरोनामुळे एप्रिल २०२०पासून मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या वादकांना जवळजवळ वर्षभर पगार नव्हता. सबवेतली गर्दीही तेव्हाच ओसरल्याने तो आधारही उरला नाही. ऑर्केस्ट्रातले कितीतरी जण भाडं झेपेना म्हणून शहर सोडून गेले.