जर्नैलसिंग : आघाडीवर उतरलेला स्टॉपर

1962च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले, ते अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवून. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नैलसिंगांचा. हा दुसरा गोल करणारा खेळाडू मुळात बचावपटू होता, हे आज फारसे कोणी सांगत नाही.

जर्नैलसिंगांचा जन्म 1936चा, लायलपूरकडचा (आजचे पाकिस्तानातले फैसलाबाद). फाळणीत ते घर सुटले. होशियारपूर जिल्ह्यात, माहिलपूरच्या खालसा कॉलेजात त्यांचा खेळ घडला. पुढे कोलकात्याला राजस्थान क्लब आणि 1959पासून मोहन बागान. तिथे बचावफळीच्या मधल्या खेळाडूला ‘स्टॉपर’ म्हणत. धिप्पाड बांध्याचे, दणकून टॅकल करणारे जर्नैलसिंग या जागेसाठीच जन्मले होते, असे मला वाटते. 1960च्या रोम ऑलिंपिकलाही ते गेले.

जकार्तात थायलंडविरुद्ध खेळताना त्यांचे डोके फुटले, टाके घालावे लागले. टाके घातलेल्या डोक्याने बचावात उभे राहणे अवघडच. तिथे येणारा प्रत्येक उंच चेंडू घ्यावाच लागतो. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी मात्र त्यांना बाहेर बसवले नाही. कॉलेजात जर्नैलसिंग आघाडीला खेळत असत. रहीम यांनी उपांत्य सामन्यात त्यांना थेट सेंटर फॉरवर्डला उतरवले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या त्या 3-2 विजयात त्यांचा एक गोल होता. माझ्या मते त्या सुवर्णपदकातला सर्वांत धाडसी निर्णय हाच.

अंतिम सामना 4 सप्टेंबरला. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी प्रवेश नाकारला होता. त्याविरुद्ध भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी बोलले, म्हणून सुमारे लाखभर प्रेक्षक भारतावर संतापलेले. साखळीत याच कोरियाने आपल्याला 2-0 हरवले होते. तरी 20 मिनिटांत भारताचे दोन गोल झाले, दुसरा डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नैलसिंगांचा. त्या संघाच्या मधल्या फळीत गोव्यातल्या कोलवाळचे, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारे फॉर्चुनातो फ्रँको होते.

कर्करोगाने खंगलेले रहीम पुढच्याच वर्षी गेले. जर्नैलसिंग पुन्हा आपल्या स्टॉपरच्या जागी परतले. 1964मध्ये आशियाई चषकात भारत उपविजेता ठरला, त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि नंतर भारताचे कर्णधारपदही. 2000 साली कॅनडात व्हँकुव्हरला त्यांचे निधन झाले.