शार्प, फ्लॅट आणि क्लेफ: कुठून कुठपर्यंत चालतात?

सांगली-मिरजेकडं आमच्या दुकानातनं पियानो, कीबोर्ड नेणारे बरेचजण आधी पेटी वाजवलेले असतात, आणि नोटेशनचं पुस्तक उघडलं की बहुतेकांचं अडतं ते एकाच ठिकाणी, म्हणून हे लिहून देतोय. भातखंडे पद्धतीत, म्हणजे आपल्या सा रे ग म लिहायच्या पद्धतीत, कोमल स्वर जेवढ्या वेळा येतो तेवढ्या वेळा त्याच्याखाली रेघ असतेच. स्टाफवर, म्हणजे पाश्चात्त्य नोटेशनच्या पाच आडव्या रेघांवर, तसं नाही. सुराच्या डावीकडं शार्प (सूर अर्धा स्वर वर), फ्लॅट (अर्धा स्वर खाली) नाहीतर नॅचरल (परत साधा सूर) एकदा छापलं की ते त्या बारच्या, म्हणजे तालाच्या त्या कप्प्याच्या, शेवटच्या उभ्या रेघेपर्यंत चालतं, मधे तोच सूर परत आला तरी चिन्ह परत देत नाहीत, आणि रेघ ओलांडली की ते संपलं.

बेथोव्हेनची १८१० ची पियानोची रचना फ्यूर एलिझे घ्या. सुरुवातीलाच ई आणि डी शार्प, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी तीन आणि काळी दोन, आलटून पालटून येतात. पहिले दोन सूर रेघेच्या अलीकडं आहेत म्हणून रेघेनंतर डी ला शार्प नव्यानं दिलाय, आणि त्याच बारमधे पुढं साधा डी हवाय तर तिथं नॅचरल द्यावाच लागतो, नाहीतर परत काळी दोनच वाजेल. शिकणाऱ्यांकडनं नेमका हाच नॅचरल सुटतो.

चिन्ह त्याच सप्तकापुरतं असतं हेही लक्षात ठेवा, वरच्या सप्तकातल्या डी ला ते लागत नाही. गोंधळ नको म्हणून काही प्रकाशक कंसात आठवणीचं चिन्ह देतात, आम्ही पुस्तकं मागवताना अशीच बघून मागवतो. टायनं, म्हणजे एकाच सुराच्या दोन खुणा जोडणाऱ्या कमानीनं, सूर पुढच्या बारमधे ओढला असेल तर शार्प त्याच्याबरोबर जातो, पण तेवढ्याच सुरापुरता. आणि शार्प म्हणजे काळीच असं नाही, ई शार्प म्हणजे पांढरी चार.

क्लेफला, म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणाऱ्या स्टाफच्या सुरुवातीच्या चिन्हाला, मात्र बारच्या रेघेची अट नाही. डावा हात वर चढला की त्याच्या खालच्या स्टाफवर जादा रेघांची शिडी होऊ नये म्हणून मधेच छोटा ट्रेबल (वरच्या सुरांचा) क्लेफ देतात, आणि परत बास (खालच्या सुरांचा) क्लेफ दिसेपर्यंत तोच चालू राहतो, मग बार कितीही जाऊ देत. मधल्या रेघेवरचा सूर बासमधे डी असतो, ट्रेबलमधे तोच बी होतो. खालच्या स्टाफवरचा हा बदल उजव्या हाताच्या स्टाफला लागू होत नाही. बदल नव्या ओळीपासून असेल तर छोटा क्लेफ आधीच्या ओळीच्या शेवटी छापलेला असतो, तिथं पेन्सिलनं गोल करून ठेवा, नजर हमखास तिथनंच निसटते.

तरी अडलंच तर ते पान घेऊन दुकानात या, बसून वाजवून बघू.