मॅक्लेन्डन, जॉन
(५ एप्रिल १९१५ – ८ ऑक्टोबर १९९९). अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉल प्रशिक्षक. जन्म कॅन्सस राज्यातील हायावाथा येथे. कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण घेत असताना (पदवी १९३६) कृष्णवर्णीय म्हणून विद्यापीठाच्या संघाची दारे त्यांना बंद होती. मात्र बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ तेथेच प्राध्यापक होते आणि त्यांचे मार्गदर्शन मॅक्लेन्डन यांना लाभले. आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते १९३७ मध्ये डरॅमच्या नॉर्थ कॅरोलायना कॉलेजात (आता नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठ) साहाय्यक म्हणून रुजू झाले. १९४०–५२ या काळात ते तेथील मुख्य प्रशिक्षक होते.

‘फास्ट ब्रेक’ अर्थात जलद चढाईचे जनकत्व त्यांना सर्रास दिले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. पर्ड्यू विद्यापीठाचे प्रशिक्षक वॉर्ड लँबर्ट व ऱ्होड आयलंडचे प्रशिक्षक फ्रँक कीनी हे त्यांच्या आधीपासूनच वेगवान खेळ खेळवीत होते. येथे नियमबदल ध्यानात घ्यावा लागतो. प्रत्येक गोलनंतर मध्यभागी चेंडू उडवून खेळ पुन्हा सुरू करण्याची पद्धत १९३७ च्या सुमारास बंद झाली. तोवर गोल खाल्ल्याबरोबर उलट चढाई करणे शक्यच नव्हते. या मोकळ्या झालेल्या वेळाचा पद्धतशीर वापर, संपूर्ण मैदानभर दाबाचा बचाव आणि त्यासाठी खेळाडूंकडून करून घेतलेली दमसासाची कठोर तयारी यांची सांगड मॅक्लेन्डन यांनी घातली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. चेंडू मिळेल तेथून चढाई आणि जाईल तेथून बचाव, हे सूत्र आपण नेस्मिथ यांच्याकडून घेतले, असे ते सांगत.

‘फोर कॉर्नर्स’विषयीही असाच वाद आहे. चार खेळाडू चार कोपऱ्यांत पसरवून पाचव्याने मध्यभागी चेंडू राखायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला बचाव विस्कटून पुढे यावेच लागते. ही चाल नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या नावावर रूढ असली, तरी तिचे पूर्वरूप मॅक्लेन्डन यांच्याकडे होते, असे काही अभ्यासक मानतात. कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या सामन्यांना तत्कालीन मोठ्या वृत्तपत्रांत फारशी जागा नसे. त्यामुळे अग्रक्रम कागदोपत्री ठरविणे अवघड जाते. पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यांत १९८५-८६ पासून ४५ सेकंदांच्या आत चेंडू बास्केटकडे टाकण्याची मर्यादा आल्यावर ही चाल मागे पडली.

१२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, ड्यूक विद्यापीठातील लष्करी वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या श्वेतवर्णीय संघाशी त्यांच्या संघाचा गुप्त सामना झाला. वर्णविभाजनाच्या कायद्यांमुळे व्यायामशाळेची दारे आतून बंद ठेवली होती. पाहुणे जाकिटे डोक्यावर ओढून आत शिरल्याचे सांगतात. मॅक्लेन्डन यांचा संघ ८८–४४ असा जिंकला. त्यानंतर दोन्ही संघ मिसळून आणखी एक डाव खेळले. ही हकीकत सर्वसामान्य वाचकांपुढे आली ती १९९६ मध्ये.

हॅम्प्टन या महाविद्यालयातील दोन वर्षांनंतर टेनेसी ए. अँड आय. या विद्यापीठाच्या संघाला त्यांनी १९५७, १९५८ व १९५९ अशी सलग तीन वर्षे एन.ए.आय.ए. या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली. पुढे व्यावसायिक खेळाडू म्हणून गाजलेले डिक बार्नेट या संघातले. पुढे क्लीव्हलंड पायपर्स हा व्यावसायिक संघ, केंटकी स्टेट आणि १९६६ पासून क्लीव्हलंड स्टेट या विद्यापीठांत त्यांनी काम केले. क्लीव्हलंड स्टेटमधील नेमणुकीमुळे प्रामुख्याने श्वेतवर्णीय असलेल्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय मानले जातात. १९६९ मधील डेन्व्हर रॉकेट्स या व्यावसायिक संघाच्या प्रशिक्षकपदाची कारकीर्द अल्पकाळ टिकली. स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल कीर्तिदालनात १९७९ मध्ये त्यांचा समावेश झाला तो ‘योगदानकर्ता’ म्हणून. प्रशिक्षक म्हणून २०१६ मध्ये, मरणोत्तर.