परफॉर्मन्स इंजिनासाठी फ्युएल इंजेक्शन: कंपनीची सिस्टीम ठेवायची की बाहेरची बसवायची?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कॅम बदलला, हेडचं पोर्टिंग झालं, टर्बो बसवायचं ठरलं, की पुढचा प्रश्न हमखास येतो: कंपनीचं इंजेक्शन पुरेल, की सगळं काढून बाहेरचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टाकायचा? बहुतेक ग्राहक बाहेरच्या ईसीयूचं मनाशी पक्कं करूनच आमच्याकडे येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना आम्ही जरा थांबायला सांगतो. कंपनीच्या सिस्टीमला नेमकं काय जमत नाहीये, हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ती काढायची वेळ अजून आलेली नाही, असं आमचं सरळ मत आहे.

कंपनीने आधीच करून ठेवलेलं काम

बॉशच्या 1967 च्या डी-जेट्रॉनिककडे फक्त पेट्रोल मोजायचं काम होतं. 1979 च्या मॉट्रॉनिकपासून इंजेक्शन आणि इग्निशन एकाच कॉम्प्युटरच्या हातात आलं. आजचा ईसीयू याच्या कितीतरी पुढे गेला आहे. गोठवणाऱ्या थंडीत स्टार्टर मारल्यावर किती पेट्रोल द्यायचं, उंचावर हवा विरळ झाली की किती कमी करायचं, एसीचा कॉम्प्रेसर लागला की आयडलिंग कसं सावरायचं, इंजिनातली ठोक ऐकणाऱ्या नॉक सेन्सरने ओरड केली की टायमिंग किती मागे घ्यायचं, या सगळ्याचे आकडे कंपनीने अनेक हवामानांत गाड्या चालवून भरलेले असतात. शिवाय ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एबीएस, मीटर आणि इमोबिलायझर कॅन लाइनवरून (गाडीतले कॉम्प्युटर जोडणारी वायर) याच ईसीयूशी बोलत असतात. तो काढला की ही मंडळी गप्प होतात.

म्हणून मोकळा एअर फिल्टर, एक्झॉस्ट, सौम्य कॅम किंवा कंपनीच्याच टर्बोवर थोडं जास्त बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा), एवढंच काम असेल तर कंपनीच्या ईसीयूचा मॅप, म्हणजे त्यात भरलेले आकडे, बदलणं पुरतं. थंडीतलं स्टार्टिंग आणि आयडलिंग जसंच्या तसं राहतं. हात लागतो तो फुल थ्रॉटलच्या भागाला. पेट्रोल पूर्ण जळण्याचं गणिती प्रमाण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल, पण पूर्ण ताकदीला साधं इंजिन साडेबारा ते तेराच्या आसपास खूश असतं. टर्बोला त्याहूनही थोडं रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं मिश्रण लागतं.

कंपनीची सिस्टीम कुठे अडते

अडण्याच्या जागा मोजक्याच आहेत. आत जाणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर त्याच्या कमाल आकड्याला जाऊन टेकतो. हवा वाढत राहते, पण ईसीयूला ते दिसत नाही आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचणारा मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर असेल, तर बूस्ट त्याच्या हिशोबातच येत नाही. मोठ्या ओव्हरलॅपच्या कॅमवर (आत घेणारा आणि बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात असा) व्हॅक्यूम कमी आणि हेलकावणारा असतो, त्यावर प्रेशरच्या भरवशावर चालणारी जुनी सिस्टीम गोंधळते. प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी असेल, तर थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम यांवर पेट्रोल ठरवावं लागतं, आणि ती सोय कंपनीच्या ईसीयूत सहसा नसते. काही ईसीयू तर उघडून लिहिताच येत नाहीत.

पेट्रोल फवारणारा इंजेक्टर छोटा पडणं हे मात्र ईसीयू बदलायचं कारण नाही. इंजेक्टर बदला आणि त्याचे आकडे कंपनीच्याच मॅपमध्ये भरा.

इंजेक्टरचा हिशोब

चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, लक्ष्य 300 हॉर्सपॉवर. टर्बोला प्रत्येक हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण 270 ग्रॅम पेट्रोल धरतात, म्हणजे ताशी 81 किलो. लिटरला 750 ग्रॅम धरले तर 108 लिटर, मिनिटाला 1800 सीसी. चार इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी 450. इंजेक्टर 80 टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून 450 भागिले 0.8, साधारण 560 सीसीचा इंजेक्टर.

ही 80 टक्क्यांची अट वेळेमुळे आहे. 6000 आरपीएमला एक पूर्ण सायकल 20 मिलिसेकंदांत संपते, 7500 ला 16 मध्येच. करंट मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडेपर्यंत इंजेक्टर एक मिलिसेकंदाच्या आसपास खातो, आणि बॅटरीचा व्होल्टेज पडला की हा उशीर आणखी वाढतो. तो आकडा मॅपमध्ये चुकीचा असेल तर हेडलाइट लावताच आयडलिंग बिघडतं. म्हणून फ्लोचा आणि उशिराचा तक्ता ज्याच्यासोबत मिळत नाही, असा इंजेक्टर आम्ही बसवत नाही, कितीही स्वस्त असो.

प्रेशर वाढवून काम भागेल का, असं नेहमी विचारतात. 3 बारचे 4 बार केले तर फ्लो सुमारे 15 टक्केच वाढतो, आणि प्रेशर वाढलं की पंपाचा फ्लो पडतो. पंप, फिल्टर आणि टाकीपर्यंतची वायर आधी तपासा.

बाहेरच्या सिस्टीमचे दोन प्रकार

कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनासाठी थ्रॉटल बॉडीतच इंजेक्टर असलेली किट मिळतात. कार्ब्युरेटरच्या जागी बसतात आणि स्वतः शिकतात, अशी त्यांची जाहिरात असते. बसतात हे खरं. शिकण्याबद्दल मात्र सावध राहा. ही किट एक्झॉस्टमधल्या सेन्सरकडे बघून पेट्रोल कमी-जास्त करतात, आणि तो सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. मोठ्या ओव्हरलॅपच्या कॅमवर आयडलला ताजी हवा न जळताच एक्झॉस्टमध्ये जाते. सेन्सर म्हणतो लीन, किट पेट्रोल वाढवतं, प्लग काळे पडतात, इंजिन मिसिंग मारतं, आणि मिसिंगमुळे आणखी ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो. सायलेन्सरच्या सांध्यातल्या बारीक गळतीनेही हेच होतं. अशा वेळी आयडलपुरतं शिकणं बंद करून हाताने आकडे भरावे लागतात. बाकी साध्या, सौम्य इंजिनाला ही किट चांगली.

दुसरा प्रकार पूर्ण स्वतंत्र ईसीयूचा. सेन्सर कुठले, पेट्रोलचा हिशोब कुठल्या पद्धतीने, लाँच कंट्रोल (उभ्या गाडीतून जोरात सुटण्याची सोय), इथेनॉलचं प्रमाण ओळखून मॅप बदलणं, सगळं तुमच्या मनासारखं. रेसच्या गाडीला किंवा दुसऱ्या गाडीतून काढून बसवलेल्या इंजिनाला आम्ही डोळे झाकून हेच सांगतो. ई85 वर (सुमारे 85 टक्के इथेनॉलचं इंधन) चालवायचं असेल तर साध्या पेट्रोलच्या सव्वापट ते दीडपट इंधन लागतं, तेव्हा वरचा हिशोब पुन्हा करा.

यात खरा खर्च डब्याचा नसतो, वायरिंगचा आणि ट्यूनिंगचा असतो. एका गाडीचं इंजिन 5000 च्या पुढे झटके द्यायचं. तीनदा मॅप बदलून झाला होता. लॉग, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले आकडे, उघडला तर झटक्याच्या क्षणी आरपीएमची रेघ 5200 वरून एकदम 9000 ला जाऊन परत खाली येत होती. इंजिन तेवढ्या वेळात तेवढं फिरूच शकत नाही. क्रँक सेन्सरची वायर इग्निशन कॉइलच्या वायरींना चिकटून बांधलेली होती. ती लांबून नेली, शिल्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ केलं आणि झटके थांबले. मॅपला शेवटी हात लावावाच लागला नाही.

ट्यूनिंगबद्दलही एक सांगून ठेवतो. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) फुल थ्रॉटलचा मॅप एका दिवसात होतो. थंड इंजिनाचं स्टार्टिंग मात्र दिवसातून एकदाच तपासता येतं, कारण इंजिन पुन्हा पूर्ण थंड व्हायला रात्र जावी लागते. म्हणून गाडी पहिल्या आठवड्यात परत मागू नका. मागितली तर सकाळी रेस देत उभं राहायची तयारी ठेवा.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा ईसीयू बदलल्यावर ती तुमच्याकडच्या प्रदूषण तपासणीत बसते का, हे काम सुरू करण्याआधीच बघा. नंतर बघून उपयोग नसतो.

येताना काय आणायचं

कॅमचा तक्ता, कॉम्प्रेशन रेशो, सध्याच्या इंजेक्टरवरचा पार्ट नंबर, पंपाचं मॉडेल आणि टाकीला रिटर्न लाइन आहे की नाही याची माहिती. गाडी रोज चालवणार की फक्त ट्रॅकवर, हेही लिहून आणा. आधी कुणी मॅप लिहिला असेल तर त्याची फाइल मागून घ्या. ती लॉक केलेली असेल तर पासवर्डसकट.