तातडी नसलेल्या रुग्णवाहतुकीचा व्यवसाय : अमेरिकेतील पार्श्वभूमी

रुग्णवाहिकेची गरज नाही, पण स्वतःच्या बळावर दवाखान्यात पोहोचताही येत नाही, अशा रुग्णांची ने-आण करणाऱ्या हजारो लहान कंपन्या आज अमेरिकेत आहेत. एक-दोन व्हॅन घेऊन या धंद्यात उतरू पाहणाऱ्याला हे काम दुरून टॅक्सीसारखे वाटते. टॅक्सीचे भाडे मात्र प्रवासी देतो, आणि येथे बहुतेक वेळा ते सरकारी योजना देते, तेही तिसऱ्याच कोणाच्या हातून. भाडे कोणी द्यायचे, कोणत्या मैलांचे द्यायचे आणि कोणता कागद पाहून द्यायचे, हे गेल्या साठ वर्षांतील कायदे, नियम आणि न्यायालयीन निकाल यांतून टप्प्याटप्प्याने ठरत गेले. या व्यवसायातला नफा गाडीच्या किमतीपेक्षा या ठरावांवर अधिक अवलंबून असतो, आणि म्हणूनच त्याचा इतिहास माहीत असणे ही हौशी अभ्यासकाची नव्हे तर व्यावसायिकाची गरज आहे, असे माझे मत आहे.

१९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतील अनेक गावांत माणसाला आडवे झोपवून नेता येईल अशी गाडी फक्त अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेकडे असे, आणि त्यामुळे आजाऱ्यांनाही तीच गाडी नेत असे. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ मध्ये अपघाती मृत्यू आणि अपंगत्व यांवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अशा संस्थांच्या हाती असल्याची नोंद होती. या अहवालाने आणि त्यानंतर १९७३ च्या तातडीच्या वैद्यकीय सेवांविषयीच्या कायद्याने रुग्णवाहिकेचे रूप पालटले. प्रशिक्षित कर्मचारी आले, उपकरणे आली, प्रमाणके आली आणि खर्चही वाढला. त्यातून असंख्य जीव वाचले, याबद्दल दुमत नाही. पण फेरतपासणीसाठी जाणारी वृद्ध स्त्री किंवा चाकांच्या खुर्चीवरचा रुग्ण यांच्यासाठी ही नवी रुग्णवाहिका फार महाग होती, आणि त्यांना सहज नेणारी जुनी गावातली गाडी हळूहळू नाहीशी झाली. तातडी असलेली आणि तातडी नसलेली अशी वाहतुकीची जी फारकत आज गृहीत धरली जाते, ती याच काळात पडली.

तातडी नसलेल्या वाहतुकीला पैसा मिळाला तो मेडिकेडमुळे. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स येथे सामाजिक सुरक्षा कायद्यातील दुरुस्त्यांवर सही केली आणि वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड या दोन योजना जन्माला आल्या. मेडिकेडच्या मूळ कायद्यात रुग्णाला दवाखान्यात नेण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत नव्हती. योजना योग्य आणि कार्यक्षम रीतीने चालवण्यासाठी लागणाऱ्या पद्धती राज्यांनी अवलंबाव्यात, एवढेच कायदा सांगत होता. त्या सर्वसाधारण वाक्याचा आधार घेऊन संघीय आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याने १९६६ मध्ये आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत राज्यांवर वाहतुकीची जबाबदारी टाकली, आणि पुढे तिला नियमाचे रूप मिळाले. उपचार फुकट असले तरी तेथवर पोहोचता आले नाही तर ते नसल्यासारखेच आहेत, हा त्यामागचा साधा आणि मला पूर्णपणे पटणारा विचार. टेक्सासमधील लाभार्थ्यांनी राज्याविरुद्ध केलेल्या दाव्यात संघीय न्यायालयाने १९७४ मध्ये हीच जबाबदारी उचलून धरली. तरीही ही जबाबदारी अर्धशतकाहून अधिक काळ कायद्यात न येता नियमातच राहिली, आणि या धंद्याची अनिश्चितता तेथूनच सुरू होते.

व्यवसायाला रोजचे काम दिले ते मात्र डायलिसिसने. सिअ‍ॅटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० मध्ये रुग्णाच्या हातात कायम राहणारी नळीजोडणी बसवली आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला वर्षानुवर्षे जगवणे शक्य झाले. १९७२ च्या दुरुस्तीने अशा रुग्णांना वयाची अट न ठेवता मेडिकेअरखाली आणले आणि जुलै १९७३ पासून ती तरतूद अमलात आली. देशभर डायलिसिस केंद्रे उभी राहिली. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, असा हा उपचार आहे, म्हणजे एका रुग्णाच्या जाण्यायेण्याच्या वर्षाला तीनशेहून अधिक फेऱ्या होतात. वाहतूकदारांच्या भाषेत या ‘स्टँडिंग ऑर्डर’, म्हणजे एकदा नोंदवली की ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी चालूच राहणारी फेरी. ज्याच्या वेळापत्रकात अशा फेऱ्या पुरेशा आहेत, त्याला बाकीचा दिवस त्यांच्याभोवती बांधता येतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याची गाडी एकेका फुटकळ कामामागे शहरभर फिरते.

अशी एक फेरी जवळून पाहिली तर या कामाचा कस कळतो. पहिल्या पाळीच्या रुग्णाला पहाटेच घरातून काढावे लागते. चालक दारापर्यंत जातो, खुर्ची उताराच्या फळीवरून किंवा लिफ्टने गाडीत चढवतो, पुढे दोन व मागे दोन असे चार पट्टे खुर्चीच्या सांगाड्याला आवळतो, आणि मग रुग्णाला स्वतंत्र कंबरपट्टा व खांदापट्टा लावतो, कारण खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधला गेला असे होत नाही. परतीची वेळ कागदावर ठरलेली असते, पण सुई काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो, रक्तदाब उतरतो, रुग्णाला थोडे पडून राहावे लागते. तोवर चालकाने थांबायचे की पुढची फेरी करून परत यायचे, हा निर्णय समन्वयक फोनवर घेतो, आणि दिवसभरातले असे पाच-सहा निर्णय चुकले की त्या दिवसाचा नफा गेला म्हणून समजावे. उपचाराने थकून गेलेला माणूस केंद्राच्या दारात तासभर गाडीची वाट पाहत बसतो, तेव्हा चुकीची खरी किंमत तो मोजत असतो. या धंद्याचा हिशेब करताना ही गोष्ट नजरेआड होऊ नये.

येथेच एक मोठी विसंगती रुजली. मेडिकेअर योजना डायलिसिसचा खर्च देत होती, पण व्हॅनच्या भाड्याचा नाही. वाहतुकीपैकी तिला मान्य होती ती केवळ रुग्णवाहिका, आणि तीही दुसऱ्या कोणत्याही साधनाने नेणे रुग्णाच्या प्रकृतीला धोक्याचे असेल तरच. नियमानुसार अंथरुणाला खिळलेला रुग्ण म्हणजे जो मदतीशिवाय उठू शकत नाही, चालू शकत नाही आणि खुर्चीतही बसू शकत नाही असा. चालत गाडीत बसू शकणाऱ्या रुग्णांनाही काही कंपन्यांनी कागदोपत्री असे खिळलेले दाखवले आणि आठवड्यातून तीनदा रुग्णवाहिकेचे पैसे उचलले. अखेर डिसेंबर २०१४ पासून न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि दक्षिण कॅरोलायना या तीन राज्यांत वारंवार होणाऱ्या अशा फेऱ्यांना पूर्वमंजुरीची पद्धत आणली गेली, आणि पुढे ती देशभर लागू झाली. त्यामुळे रुग्णवाहिकेला पात्र न ठरणाऱ्या रुग्णांना व्हॅनचाच आधार उरला.

गाडी कशी असावी, याचा पाया २६ जुलै १९९० रोजी सही झालेल्या अपंग नागरिकांविषयीच्या कायद्याने घातला. त्याखालील वाहनविषयक नियमांनी लिफ्टला किमान ६०० पौंड वजन पेलता यावे आणि खुर्चीसाठी ३० इंच रुंद व ४८ इंच लांब मोकळी जागा असावी, अशी मापे घालून दिली. खुर्च्या पुढे अधिक रुंद आणि जड होत गेल्या, म्हणून किमान मापाची जुनी व्हॅन स्वस्तात मिळाली तरी ती घेताना विचार करावा लागतो.

आता ब्रोकरांकडे, म्हणजे राज्य आणि वाहतूकदार यांच्यामधील मध्यस्थ कंपन्यांकडे वळू, कारण लहान वाहतूकदाराचे भवितव्य सर्वांत जास्त त्यांच्याशी बांधलेले आहे. मेडिकेडचा खर्च राज्य आणि संघ सरकार वाटून घेतात. वाहतूक हा प्रशासकीय खर्च म्हणून दाखवला तर संघाकडून निम्मी रक्कम मिळते. वैद्यकीय सेवा म्हणून दाखवला तर त्या राज्याच्या उत्पन्नानुसार ठरलेला वाटा मिळतो, जो ५० टक्क्यांपासून ८३ टक्क्यांपर्यंत असू शकतो. समजा एखाद्या गरीब राज्यासाठी हा संघीय वाटा ७० टक्के आहे, तर शंभर डॉलरच्या फेरीमागे त्याला पन्नासऐवजी सत्तर डॉलर परत मिळणार. पण वैद्यकीय सेवा म्हटले की रुग्णाला आपल्या पसंतीचा, पात्र असलेला कोणताही वाहतूकदार निवडण्याचा हक्क येतो, आणि सगळे काम एका मध्यस्थाकडे सोपवायचे तर राज्याला संघाकडून खास सूट मागावी लागे. १९९० च्या दशकात काही राज्यांनी तशी सूट घेतली. ८ फेब्रुवारी २००६ रोजी सही झालेल्या, वित्तीय तूट कमी करण्याच्या कायद्यातील कलम ६०८३ ने ही सूट मागण्याची गरजच काढून टाकली. मध्यस्थ नेमा आणि वाढीव वाटाही घ्या, असा मार्ग मोकळा झाल्यावर राज्ये मोठ्या संख्येने त्या वाटेने गेली.

ब्रोकरला राज्य बहुधा दर लाभार्थ्यामागे महिन्याला ठरावीक रक्कम देते, मग फेऱ्या कमी होवोत वा जास्त. ब्रोकर त्या रकमेतून स्थानिक वाहतूकदारांना फेरीमागे पैसे देतो आणि उरेल ते त्याचे. अर्थातच दर खाली ओढण्यात त्याचा फायदा असतो. त्याने स्वतःच्याच गाड्यांना काम देऊ नये, यासाठी २००८ च्या नियमांत, काही अपवाद ठेवून, बंदी घातली गेली, हे योग्यच झाले. वाहतूकदाराला मिळणारा दर साधारणपणे रुग्ण चढवण्याचे ठरावीक शुल्क आणि रुग्ण गाडीत असतानाचे मैल एवढ्यावर ठरतो. रुग्णाला घ्यायला जातानाचे आणि सोडून परततानाचे रिकामे मैल वाहतूकदाराच्या पदरी. आठ मैलांच्या फेरीसाठी बारा मैल रिकामे जावे लागले तर वीस मैलांचे इंधन, चालकाचा पगार आणि झीज त्या आठ मैलांतून निघायला हवी. दारात गेल्यावर रुग्ण नाही असे कळले, तर ती फेरीही बहुतेक करारांत बिनपैशाची जाते आणि मेडिकेडच्या रुग्णाकडून तिचे पैसे घेता येत नाहीत. म्हणूनच या धंद्यात टिकलेले लोक सुरुवातीला संपूर्ण शहर न घेता एक-दोन डायलिसिस केंद्रांभोवतीचा पट्टा धरतात, आणि व्यावसायिक विम्याचा जड हप्ता हिशेबात धरल्याशिवाय दुसरी गाडी घेत नाहीत.

काम मिळवण्यासाठी डायलिसिस केंद्रातील कर्मचाऱ्याला रुग्णामागे पैसे देणे हा मात्र संघीय कायद्याखाली गुन्हा आहे, आणि नवख्या माणसाला हे कोणी आधी सांगत नाही. उलट डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या सवलतीमुळे रुग्णालयांना आपल्या नेहमीच्या रुग्णांना ठरावीक अंतरापर्यंत मोफत वाहतूक पुरवता येऊ लागली. त्यामुळे रुग्णालयांशी, शुश्रूषागृहांशी थेट करार करण्याची वाट वाहतूकदारांसाठी रुंदावली, आणि ब्रोकरच्या दरावर पूर्णपणे विसंबून न राहण्याचा हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. २०१८ च्या कायद्याने मेडिकेअरच्या खासगी योजनांना २०२० पासून दीर्घ आजाराच्या रुग्णांना अधिक व्यापक वाहतूकसेवा देण्याची मुभा दिली. २०१८ मध्येच उबरने आरोग्यसेवेसाठी वेगळी शाखा सुरू केली. चालू-फिरू शकणाऱ्या रुग्णांच्या स्वस्त फेऱ्या ॲपवरच्या गाड्यांकडे वळू लागल्या. खुर्ची आणि स्ट्रेचरचे काम, जे शिकावे लागते आणि ज्याला खास गाडी लागते, ते बहुतांशी जुन्या वाहतूकदारांकडेच राहिले.

दरम्यान मूळ जबाबदारीच डळमळू लागली होती. आयोवा आणि इंडियाना या राज्यांना मेडिकेडच्या विस्तारात, म्हणजे उत्पन्नाची मर्यादा वाढवून योजनेत नव्याने आलेल्या प्रौढांसाठी वाहतूक न पुरवण्याची परवानगी मिळाली, आणि हा केवळ नियम असल्याने तो पूर्ण रद्द होण्याची धास्ती वाहतूकदार व रुग्णसंघटना दोघांनाही होती. २००५ च्या एका राष्ट्रीय अभ्यासाने वाहनाअभावी उपचार चुकणाऱ्या वा लांबणाऱ्या अमेरिकनांची संख्या वर्षाला सुमारे ३६ लाख सांगितली होती, आणि या वादात तो आकडा वारंवार पुढे आला. शेवटी २७ डिसेंबर २०२० रोजी सही झालेल्या खर्चविषयक कायद्याच्या कलम २०९ ने वाहतुकीची जबाबदारी थेट मेडिकेड कायद्यात घातली. त्याच कलमाने वाहतूकदार संघीय आरोग्य योजनांतून वगळलेला नसावा, चालकाकडे वैध परवाना असावा, त्याचा वाहन चालवण्याचा पूर्वेतिहास राज्याला कळवण्याची आणि अमली पदार्थांविषयीच्या कायद्याचा भंग झाल्यास तो हाताळण्याची व्यवस्था असावी, अशा किमान अटी घातल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मेडिकेड पाहणाऱ्या संघीय यंत्रणेने राज्यांसाठी वाहतुकीविषयी सविस्तर मार्गदर्शन काढले.

कायद्याने जबाबदारी पक्की केली, पण पैसा कोणत्या वाटेने येणार हे त्याने पक्के केले नाही. अटलांटा येथे सुरू झालेली आणि पुढे मोडिव्हकेअर या नावाने ओळखली जाऊ लागलेली देशातील एक सर्वांत मोठी ब्रोकर कंपनी ऑगस्ट २०२५ मध्ये दिवाळखोरी संरक्षणाखाली गेली, आणि एकाच ब्रोकरवर विसंबलेल्या वाहतूकदारापुढे थकीत देयकांचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो हे समोर आले. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानुसार विस्तारित मेडिकेडमधील अनेक प्रौढांना उशिरात उशिरा १ जानेवारी २०२७ पासून काम करत असल्याचा पुरावा द्यावा लागणार आहे. ज्यांचे नाव योजनेतून गळेल, त्यांची फेरीही गळेल. त्यामुळे आज व्हॅन घेणाऱ्याने आपल्या भागात विस्तारित गटातले रुग्ण किती, डायलिसिसचे किती आणि शुश्रूषागृहांतले किती, ही वाटणी करार करण्याआधी पाहून घेतली पाहिजे.